आजारी मूल जेवत नाही? घास भरवण्याआधी हे समजून घ्या

बाळाला तीन दिवसांपासून ताप आहे. वरण-भाताची वाटी प्रत्येक वेळी तशीच परत येते. "अगं, पोटात काही गेलंच नाही तर अंगात ताकद कुठून येणार?" असं आजी म्हणते आणि आई पुन्हा घास घेऊन बाळामागे फिरू लागते. पावसाळा सुरू झाला की नाशिकमधल्या कितीतरी घरांत हेच चित्र दिसतं.

एक ते तीन वर्षांच्या मुलांची भूक आजारपणात मंदावणं बहुतेक वेळा स्वाभाविक असतं. पण काही वेळा तोच धोक्याचा इशारा असतो. हा फरक कसा ओळखायचा? आणि तोवर मुलाला द्यायचं काय?

भूक नेमकी का जाते?

संसर्ग झाला की त्याच्याशी लढताना शरीर सायटोकाइन नावाचे घटक तयार करतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागावर त्यांचा परिणाम होतो. ताप आणि भूक या दोन्हींचं नियंत्रण इथूनच होतं. म्हणून ताप चढतो आणि भूक मंदावते.

याशिवाय नाक चोंदलं की चव लागत नाही आणि घास गिळताना श्वास घेणं अवघड होतं. घसा दुखत असेल किंवा तोंडात फोड आले असतील, तर मूल घास पाहूनच तोंड फिरवतं. हा हट्ट नसतो. त्याला दुखत असतं, पण सांगता येत नाही.

आधी पाणी, मग जेवण

एक-दोन दिवस जेवण कमी झालं तरी एरवी सुदृढ असलेलं मूल ते भरून काढतं. शरीरातलं पाणी कमी झालं, तर मात्र काही तासांतच प्रकृती बिघडू शकते. त्यामुळे किती घास गेले यापेक्षा मूल किती प्यायलं आणि शू किती वेळा झाली, हे आधी पाहा.

पाणी, भाताची पेज, ताजं ताक, नारळपाणी थोडं थोडं देत राहा. मूल अंगावर पीत असेल तर दूध अजिबात तोडू नका. उलट जास्त वेळा पाजा.

जुलाब होत असतील तर ओआरएस द्या. एक लीटरचं पाकीट एक लीटर पिण्याच्या पाण्यातच पूर्ण मिसळायचं. अर्धं पाकीट अंदाजानं टाकायचं नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिली, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिली. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं सुरू करा. तयार केलेलं पाणी 24 तासांनंतर टाकून द्या. जुलाबात झिंकच्या गोळ्याही दिल्या जातात. त्या डॉक्टरांच्या किंवा आरोग्य सेविकेच्या सल्ल्यानं घ्या.

खायला काय द्यायचं?

तीन वेळच्या जेवणाचा हट्ट सोडा. दर दोन-तीन तासांनी चार-पाच चमचे दिले तरी चालतं. ताप उतरला की मूल थोडं उत्साही होतं, ती वेळ साधा.

घास लहान असेल तर त्यात कस हवा. वरणाचं नुसतं पाणी पोट भरतं, पण त्यातून फारसं पोषण मिळत नाही. त्याऐवजी घट्ट वरण आणि मऊ भात कालवून त्यावर तूप घाला. मुगाची खिचडी, नागलीची लापशी, कुस्करलेलं केळं, दही, उकडलेलं अंडं हे सगळं चालतं. तोंडात फोड असतील तर आंबट, खारट, गरम टाळा. गार दही किंवा गार खीर बरी वाटते.

द्राक्षांच्या या जिल्ह्यात एक काळजी आवर्जून घ्यायला हवी. लहान मुलाच्या हातात अख्खं द्राक्ष देऊ नका, ते घशात अडकू शकतं. उभे चार काप करूनच द्या.

काय टाळायचं?

नाक दाबून किंवा हात धरून भरवू नका. रडताना घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. शिवाय बरं झाल्यावरही मुलाला जेवणाची धास्ती बसते. जेवत नाही म्हणून दिवसभर दुधाच्या बाटल्या, बिस्किटं, पाकिटातले ज्यूस देणं टाळा. त्यानं उरलीसुरली भूकही मरते. भुकेचं टॉनिक मनानं आणू नका. अशा काही औषधांनी गुंगी येते.

भूक न लागणं कधी गंभीर ठरतं?

मूल आधीच कुपोषित असेल तर हिशेब बदलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानानं कमी वजनाची होती. आजारपणात खाणं घटतं, वजन उतरतं आणि अशक्त मूल पुन्हा आजारी पडतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर यांसारख्या आदिवासीबहुल तालुक्यांत हे चक्र वेळीच तोडणं महत्त्वाचं आहे.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर ते अतितीव्र कुपोषण मानलं जातं. अशा मुलांची 'भूक चाचणी' घेतात. ठरलेला आहार मूल खाऊ शकलं नाही, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याचा सल्ला दिला जातो. दंडाचा घेर आणि वजन अंगणवाडीत मोजून मिळतं.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

• मूल काहीच पीत नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून पडतं
• सहा-आठ तासांत शू झालेली नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही
• मूल मलूल आहे, हाक मारली तरी नीट जागं होत नाही
• झटके येतात
• श्वास वेगानं चालतो किंवा छाती आत ओढली जाते
• शौचातून रक्त पडतं

यातलं एकही लक्षण दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. वाहन नसेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ताप तीन दिवसांहून जास्त टिकला तरीही डॉक्टरांना दाखवा.

बरं झाल्यावर काय?

भूक परतते तेव्हाच झीज भरून निघते. म्हणून बरं झाल्यावर किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. नंतर वजन करून घ्या. आजीची काळजी चुकीची नसते. फक्त ताकद भरून काढायची खरी वेळ ताप गेल्यानंतरची असते.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)