अप्रिय सत्याची भाषा आणि तिचे शिक्षण

तॉलस्तॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही कादंबरिका १८८६ साली प्रसिद्ध झाली. ती वर्गात शिकवताना आम्ही नेहमी एका जागी थांबतो. इव्हान इलिचला वेदनेहून अधिक छळते ते भोवतालच्या माणसांचे खोटे बोलणे. तो मरत आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण कोणी तसे म्हणत नाही. गेरासिम हा नोकर तेवढा त्या खोटेपणात सामील होत नाही. साहित्याने ओळखलेले हे दुःख वैद्यकाच्या शिक्षणात यायला मात्र पाऊण शतकाहून अधिक काळ लागला.

या मौनामागे केवळ भित्रेपणा होता असे म्हणता येणार नाही. त्याला नीतीचे अधिष्ठान होते. वैद्याच्या शब्दांनीही रुग्णाचे आयुष्य घटू शकते, अशी भूमिका अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या आचारसंहितेने घेतली होती. १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतील २१९ डॉक्टरांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ९० टक्क्यांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. बहुतेकांनी अनुभवाचा दाखला दिला. ओकेन यांना मात्र त्यामागे पूर्वग्रह दिसला.

याच काळात दोन स्त्रियांनी रुग्णालाच शिक्षक मानले. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स मरणासन्न रुग्णांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकत होत्या. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक दुःख वेगळे काढता येत नाही, ही त्यांची 'समग्र वेदने'ची कल्पना या ऐकण्यातून आली. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शिकागोत एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६५ पासून अशा रुग्णांच्या मुलाखतींचे वर्ग घेतले. आरंभी रुग्णालयातील डॉक्टरांनी, आमच्याकडे मरणासन्न रुग्ण नाहीत, असेच त्यांना सांगितले होते! त्यांच्या पाच अवस्थांच्या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली. पण रुग्णाला बोलायचे असते, हे त्या वर्गांनी दाखवून दिले.

१९७९ पर्यंत चित्र पालटले. ओकेन यांचीच प्रश्नावली पुन्हा वापरली गेली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सत्य सांगण्याच्या बाजूचे निघाले. प्रश्न उरला तो कसे सांगावे याचा. वॉल्टर बाइल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत मांडली: एकांत साधणे, रुग्णाला काय समजले आहे ते विचारणे, किती जाणून घ्यायचे आहे ते विचारणे, मग सांगणे, भावनेला प्रतिसाद देणे आणि पुढचा मार्ग ठरवणे. सहापैकी दोन पायऱ्या सांगण्यापूर्वी विचारण्याच्या आहेत, हे लक्षात घ्यायला हवे.

पण हे खरोखर शिकवता येते काय? लेस्ली फॅलोफील्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ३४ केंद्रांतील १६० कर्करोगतज्ज्ञांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. तीन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर त्यांचे प्रश्न अधिक मोकळे झाले, सहानुभूतीचे उद्गार वाढले. एकट्या अनुभवाने हे साधले नव्हते. वर्षभरानंतरच्या पाहणीत बहुतेक कौशल्ये टिकलेली दिसली; सहानुभूतीचे उद्गार मात्र पुन्हा घटले होते.

ही घट आम्हाला महत्त्वाची वाटते. भारतातही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे. तेव्हा त्याचे पाठांतराचे सूत्र होण्याचा धोका आपल्याकडेही आहे. पायऱ्या पाठ असलेला डॉक्टर रुग्णाचे वाक्य मध्येच तोडू शकतो, जसा रसव्यवस्था पाठ असलेला विद्यार्थी समोरची कविता न वाचताच उत्तर लिहितो. म्हणून सूत्रे टाकून द्यावीत असे आमचे म्हणणे नाही. गेरासिम प्रत्येक रुग्णाच्या नशिबी नसतो. ज्यांना हे उपजत येत नाही त्यांना ते शिकवावेच लागेल, आणि एकदा शिकवून भागणार नाही.