बाजार चुकत नाही, असे फामा म्हणाले होते का?

शिकागो विद्यापीठातील वित्तशास्त्राचे प्राध्यापक युजीन फामा यांच्याविषयी एक मत रूढ झाले आहे. बाजारातले भाव नेहमी बरोबर असतात असे त्यांनी जन्मभर शिकवले, २००८च्या पडझडीने ते खोटे ठरवले आणि २०१३चे नोबेल त्यांना व त्यांचे टीकाकार रॉबर्ट शिलर यांना एकत्र देऊन समितीने या शास्त्राचे हसे करून घेतले, असे ते मत. हा पूर्वपक्ष चटकदार आहे, पण फामांच्या लेखनाशी ताडून पाहिला तर टिकत नाही.

फामांच्या १९७०च्या निबंधातला दावा मर्यादित आहे: उपलब्ध माहिती भावात उतरलेली असते. उद्याची बातमी आज कोणालाच ठाऊक नसते, म्हणून उद्याचा भावही वर्तवता येत नाही. तेव्हा केवळ बाजार कोसळला म्हणून हा सिद्धान्त कोसळत नाही. ती पडझड हाती असलेल्या माहितीवरून आधीच ओळखता येत होती, हे दाखवावे लागते. त्यातली अडचण फामांनी स्वतःच नोंदवली. भाव योग्य आहे का हे तपासायला जोखमीचा वाजवी मोबदला किती, याचे प्रारूप आधी गृहीत धरावे लागते. हिशेब जुळला नाही, तर चूक बाजाराची की प्रारूपाची, हे सांगता येत नाही.

मग जे खोटे पाडताच येत नाही ते शास्त्र कसले? हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर फामांच्या प्रत्यक्ष कामात मिळते. शेअर-विभाजनाची बातमी भावात कशी उतरते, हे त्यांनी तीन सहकाऱ्यांसह १९६९मध्ये तपासले. घटनेभोवतीचे भाव अभ्यासण्याची ती पद्धत पुढे सर्वत्र रुळली. १९९१मध्ये त्यांनी आपल्या सिद्धान्ताचे टोकाचे रूप खरे नसल्याचे लिहिले. १९९२मध्ये केनेथ फ्रेंच यांच्यासह त्यांनी दाखवले की, वर्गावर्गांत शिकवला जाणारा ‘बीटा’, म्हणजे बाजाराबरोबर शेअर किती हलतो याचे माप, शेअरांच्या परताव्यातला फरक उलगडत नाही. अडचणीचे पुरावे स्वतःच छापणाऱ्याला पोथीनिष्ठ कसे म्हणावे?

आता शिलर. लाभांशांच्या मानाने भाव फारच हेलकावतात, हे त्यांनी १९८१मध्ये मांडले. लाभांशाच्या प्रमाणावरून दीर्घ मुदतीच्या परताव्याचा काही अंदाज येतो, हे फामा आणि फ्रेंच यांनाही १९८८मध्ये आढळले. वाद आहे तो अर्थाचा: शिलर त्यात माणसांची मनोवृत्ती पाहतात, तर फामा जोखमीचा बदलता मोबदला. असे वाद तपासण्याची संख्याशास्त्रीय पद्धत देणारे लार्स हॅन्सन हे तिसरे मानकरी. त्यांना विसरले, तरच हे नोबेल हास्यास्पद वाटते.

एका बाबतीत मात्र टीकाकारांचे म्हणणे मान्य करावे लागेल. भावांचा फुगा आधी ओळखता येत नाही, एवढ्यावरून फुगा नसतोच असे ठरत नाही. फामांनी ती कल्पनाच निरर्थक मानली, हा त्यांचा अतिरेक.

तरीही या संशोधनाचे फळ आपल्या पगारापर्यंत आले आहे. तज्ज्ञाने निवडक शेअर घेण्यापेक्षा सगळा निर्देशांकच घ्यावा, या विचाराला त्याचा भक्कम आधार आहे. आणि आपली भविष्य निर्वाह निधी संघटना २०१५पासून निफ्टी व सेन्सेक्सवर आधारित ईटीएफमध्ये पैसा गुंतवते आहे. पडझडीचे भाकीत करणे हे ज्योतिष्याचे काम. संशोधकाची कारकीर्द जोखायची, तर त्याने आपला दावा किती कठोरपणे तपासला हे पाहावे. त्या कसोटीला फामा उतरतात.