अंबाझरी : अडवलेल्या नदीची गोष्ट

नागपूरचा अंबाझरी तलाव मुलांना नैसर्गिक वाटतो. खरे तर ती माणसाने अडवलेली नाग नदी आहे. १८७० च्या सुमारास शहराच्या पश्चिमेला बांध घालून तो तयार केला. उंचावर साठवलेले पाणी उताराने शहरात येई. पुढे गोरेवाडा तलाव आणि कन्हान नदीचे पाणी मिळू लागले व अंबाझरीवरची भिस्त कमी झाली.

वाहते पाणी तलावात संथ होते आणि सोबतचा गाळ खाली बसतो. तळ वर येतो, साठवण घटते. तितक्याच पावसात तलाव लवकर भरतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तलाव ओसंडला, नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली. नदी आपल्या जुन्याच वाटेने गेली होती. त्या वाटेवर घरे मात्र नंतर आली.

मग बांधच काढला तर? अमेरिकेतील ऑलिंपिया शहरात १९५१ साली बांध घालून खाडीचा तलाव केला होता. गाळाने तो भरत गेला, तेव्हा २०२२ मध्ये पुन्हा खाडी करण्याचा पर्याय पुढे आला. नागपुरात समुद्र नाही. इथे परतेल ती नदी, आणि तिच्या काठावर दाट वस्ती आहे.

म्हणून आपण निदान पाहत राहू. बांधाच्या सुरक्षित जागेवरून दिसणारी एखादी पायरी मुलांना खूण म्हणून ठरवून द्यावी. दर महिन्याला पाण्याची पातळी आणि त्या महिन्याचा पाऊस वहीत शेजारी-शेजारी लिहावा. पाच वर्षांच्या नोंदी शाळेपाशी असल्या, तर पुढचा पावसाळा नुसता ऐकीव राहणार नाही.