मासिकांचा हिशेब

पुस्तक ग्रंथालयात आलं की एकदाचं आलं. दाखल क्रमांक टाकला, शिक्का मारला, कपाटात ठेवलं, झालं. मासिकाचं तसं नाही. ते येतच राहतं. आणि मधूनच येत नाही! न आलेला अंक टपालात हरवला, एजंटने पाठवलाच नाही, की मुळात निघालाच नाही, हे शोधून काढणं हे नियतकालिकं सांभाळण्यातलं निम्मं काम. ग्रंथालयाच्या नवशिक्या वर्गांत हा विषय शेवटी घाईघाईत उरकतात असं मला नेहमी वाटत आलंय. वाईट वाटतं, कारण खरी मजा इथेच आहे.

जुनी पद्धत कार्डेक्सची. पत्र्याच्या उथळ खणांचं कपाट, प्रत्येक मासिकाला एक कार्ड, कार्डावर बारा महिन्यांचे चौकोन. अंक आला की चौकोनात तारीख घालायची. रिकामा चौकोन दिसला की लगेच स्मरणपत्र धाडायचं, कारण उशीर केला तर "अंक शिल्लक नाही" असं उत्तर ठरलेलं. वर्ष सरलं की अंक गोळा करून बांधणीला. त्यात एक जरी कमी असला तरी तो खंड कायमचा लंगडा. आपल्याकडे त्यात दिवाळी अंकाची भर. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला एक कायमची गोडी लागली, पण ग्रंथपालाच्या डोक्याला तापही झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक असेल तर नोव्हेंबरचा चौकोन रिकामा ठेवायचा की भरायचा? आणि नेमका तोच अंक वाचक पळवतात, ते वेगळंच.

आता आपल्या भागातलं एक उदाहरण घ्या. किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, आणि तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. नांगरांच्या कारखान्याचं पत्र! संपादक शंकरराव किर्लोस्कर. १९२९ मध्ये 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. वाचकाला यात काही अवघड नाही. पण कार्ड लिहिणाऱ्याने काय करायचं? 'खबर' आणि 'किर्लोस्कर' एकच मासिक की दोन? 'ख'च्या खणात शोधणाऱ्याला 'क'च्या खणाकडे पाठवणारी चिठ्ठी लावली नाही, तर पहिली नऊ वर्षं असून नसल्यासारखी. गावाच्या पत्त्याचीही तीच तऱ्हा. आधी औंध संस्थान, १९४९ पासून दक्षिण सातारा जिल्हा, १९६० पासून सांगली जिल्हा. गाव जागच्या जागी आणि पत्ते तीन. असली कोडी सोडवायला शिकवणं म्हणजेच प्रशिक्षण. संगणक आला म्हणून ती सुटत नाहीत, उलट तिथे 'बहुधा तेच असेल' हे चालत नाही.

हे काम शिकवावं लागतं, नुसतं बघून येत नाही, हे आपल्याकडे फार आधी ओळखलं ते सयाजीराव गायकवाडांनी. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं, आणि त्याने १९११ मध्ये ग्रंथालयाचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. पाठोपाठ १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. म्हणजे ग्रंथपालाचं स्वतःचं नियतकालिक, आणि तेही मराठीतून, शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे!

असो. तिथून एकदम १९९१ वर येतो, कारण मधली कित्येक वर्षं कार्डेक्स होतं तिथेच होतं. त्या वर्षी जुलैमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. परदेशी जर्नलांची वर्गणी डॉलर-पौंडात. ग्रंथालयाची तरतूद रुपयांत. जर्नलांच्या किमती आधीच दरवर्षी फुगत होत्या, त्यात हे. विद्यापीठांनी याद्या काढल्या आणि नावांवर काट मारायला सुरुवात केली. गंमत म्हणजे त्याच वर्षी पुण्यात, नारळीकरांच्या आयुकामध्ये, इन्फ्लिबनेट नावाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यापीठांची ग्रंथालयं जाळ्याने जोडायची, हा उद्देश. १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र झाला. २००४ पासून विद्यापीठांना एकत्रित वर्गणीतून ई-जर्नलं मिळू लागली. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे १९६२ च्या शिवाजी विद्यापीठाचे जिल्हे, पण विद्यापीठाला मिळालं म्हणजे तालुक्याच्या कॉलेजला मिळालं असं होत नाही. कॉलेजांसाठी एन-लिस्ट आली ती मे २०१० मध्ये. वर्षाला माफक वर्गणी, आणि त्यात हजारो ई-जर्नलं. ज्या कॉलेजात परदेशी जर्नल कधी पाहिलंच नव्हतं, तिथे ही अलीबाबाची गुहा!

पण गुहेचा मंत्र शिकवावा लागतो. प्रशिक्षणाची पहिली पायरी अगदी साधी : प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची नावं, ई-मेल पत्ते गोळा करून खाती उघडून द्यायची. ज्याच्याकडे ई-मेल नाही त्याला तो काढून द्यायचा. मग शोध कसा घ्यायचा, पीडीएफ कशी उतरवायची, आणि एकदम पाचशे लेख का उतरवायचे नाहीत (प्रकाशक सरळ दार बंद करतो). कार्डेक्सच्या चौकोनांची जागा आता वापराच्या आकडेवारीने घेतली. अंक आला का, हा प्रश्नच उरला नाही. कुणी उघडला का, हा उरला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र पहिल्याच तासाला सांगायला हवी. छापील अंकाची वर्गणी बंद केली तरी आलेले अंक आपल्या कपाटात राहतात. ई-जर्नलात बहुधा आपण भाडेकरू असतो. जुने अंक पुढेही पाहता येतील की नाही हे करारातल्या एका कलमावर ठरतं, आणि करार कॉलेजच्या ग्रंथपालासमोर झालेला नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार जर्नलं. रक्कम मोठी, योजना चांगली. पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. साताऱ्या-सांगलीतली कितीतरी कॉलेजं शिक्षणसंस्थांची आहेत. रयतचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन १९१९ चं. आपण कुठल्या यादीत बसतो, हे तिथल्या ग्रंथपालाला आधी पाहावं लागतं.

मग कपाटच बरं म्हणावं, तर ऑगस्ट २०१९ आठवतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं गेली. भिजलेलं साधं पुस्तक पानं सुटी करून कधीकधी वाचवता येतं. गुळगुळीत कागदाचं मासिक वाळलं की त्याची वीट होते. शिवाय बांधलेले खंड जड, म्हणून पुष्कळ ग्रंथालयांत ते खालच्याच मजल्यावर.

वर्गणी थकली तर ई-जर्नल जातं आणि नदी चढली तर कपाट. परदेशी जर्नलाचं एक वेळ ठीक आहे, त्याची प्रत जगात कुठेतरी असतेच. वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या 'नवभारत'चा १९४७ सालचा अंक, एखाद्या तालुक्याच्या साप्ताहिकाची फाइल, 'स्त्री'चे सुरुवातीचे खंड, हे कुठल्या सर्व्हरवर आपोआप जाणार आहेत? म्हणून मला वाटतं, नवशिक्यांच्या वर्गात एन-लिस्टचं खातं उघडायला शिकवलं, की दुसऱ्या दिवशी त्यांना आपापल्या ग्रंथालयातल्या जुन्या स्थानिक नियतकालिकांची यादी करायला बसवावं. नाव, बदललेलं नाव, वर्षं, कुठले अंक नाहीत, खंड कितव्या मजल्यावर. स्कॅनिंग त्यानंतर. काय आहे तेच माहीत नसेल तर स्कॅन तरी कशाचं करणार?

वाईत विश्वकोशाचं काम चाललं, त्याचा पहिला खंड १९७६ चा, आणि आज सगळे खंड जाळ्यावर फुकट वाचता येतात. म्हणजे आपल्या भागात हे घडलेलं आहे. किर्लोस्करवाडीच्या मासिकांचे जुने अंक तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असतील, तर रद्दीत घालण्याआधी निदान महिना आणि वर्ष कागदावर उतरवून ठेवा. मामा, हे तुम्हाला पण :)