कोशिका-संदेशनविषयक नियतकालिके

कोशिका-संदेशनविषयक नियतकालिके : सजीवांच्या कोशिका ज्या रासायनिक संकेतांच्या द्वारे परस्परांशी संपर्क साधतात, ते संकेत आणि त्यांना मिळणारा प्रतिसाद यांच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधनपर नियतकालिके. त्यांतील लेख प्रसिद्धीपूर्वी त्या विषयातील अन्य तज्ज्ञांकडून तपासून घेतले जातात.

या विषयाचा पाया शरीरक्रियाविज्ञानात घातला गेला. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केली. परंतु हॉर्मोनाचा संदेश कोशिकेच्या आत कसा पोहोचतो, हे दीर्घकाळ अज्ञात होते. अर्ल सदरलँड व थीओडोर रॉल यांनी यकृतावरील प्रयोगांतून चक्रीय एएमपी हे संयुग शोधून काढले व १९५८ मध्ये त्याची माहिती द जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री या नियतकालिकात दिली. हॉर्मोन हा पहिला आणि हे संयुग दुसरा संदेशवाहक, ही कल्पना त्यातून पुढे आली. सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एडविन क्रेब्ज व एडमंड फिशर यांनी १९५५ च्या सुमारास प्रथिनांच्या फॉस्फोरिलीकरणाचे नियामक कार्य दाखविले (नोबेल पारितोषिक १९९२), तर जी-प्रथिनांच्या शोधाबद्दल मार्टिन रॉडबेल व आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे संशोधन प्रारंभी जीवरसायनशास्त्र, औषधिक्रियाविज्ञान व कर्करोगशास्त्र यांच्या नियतकालिकांत विखुरलेले होते. एकाच संदेशमार्गाचा अभ्यास करणाऱ्यांना परस्परांचे काम सहज दिसत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वतंत्र नियतकालिके निघू लागली. सेल्युलर सिग्नलिंग हे १९८९ मध्ये सुरू झाले. अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेने (स्थापना १८४८) १९९९ मध्ये संदेशमार्गांची माहिती एकत्र देणारे एक संगणकीय प्रकाशन सुरू केले. त्यात समीक्षालेखांबरोबर संदेशमार्गांचे नकाशेही असत. २००८ पासून सायन्स सिग्नलिंग या नावाने त्यात मूळ संशोधनलेख प्रसिद्ध होऊ लागले.

तज्ज्ञ-परीक्षणाची प्रथा वाटते तितकी जुनी नाही. फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स (१६६५) या आद्य नियतकालिकात लेखांची निवड प्रामुख्याने संपादक हेन्री ओल्डनबर्ग करीत. नेचर या नियतकालिकाने बाह्य परीक्षण नियमितपणे अंगीकारले, ते १९७३ मध्ये. या पद्धतीची मर्यादा कोशिका-संदेशनाच्या क्षेत्रातच ठळकपणे दिसून आली. कॉर्नेल विद्यापीठात एफ्राइम रॅकर यांच्या प्रयोगशाळेतील एका विद्यार्थ्याने १९८०–८१ मध्ये असे दाखविले की, अर्बुदकोशिकांत अनेक कायनेज एंझाइमे साखळीप्रमाणे एकमेकांना क्रियाशील करतात. कर्करोगाचे कोडे उलगडल्यासारखे वाटून या निष्कर्षांचे मोठे स्वागत झाले व ते नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. मात्र त्याच विद्यापीठातील फोल्कर फोग्ट यांनी १९८१ मध्ये मूळ नमुने तपासले, तेव्हा प्रथिनांतील किरणोत्सर्ग फॉस्फरस-३२ चा नसून आयोडिनाच्या समस्थानिकाचा असल्याचे आढळले. रॅकर यांनी त्याच वर्षी हे निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले.

परीक्षकांच्या हाती लेख असतो, प्रयोग नसतो. लेखातील तर्क, नियंत्रक प्रयोग व आकडेमोड ते तपासू शकतात. नमुन्यातच लबाडी असेल, तर ती त्यांना सहसा दिसत नाही. रॅकर प्रकरणातील असत्य उघडकीस आले, ते मूळ नमुना दुसऱ्या संशोधकाने हाताळल्यामुळे. पुढे १९९० च्या सुमारास अन्य प्रयोगशाळांनी वाढीचे संकेत वाहून नेणारी कायनेजांची खरी साखळी सिद्ध केली. तिच्यातील प्रथिने मात्र वेगळी होती. कल्पना संभाव्य असणे आणि तिला पुरावा असणे, यांतील भेद या इतिहासातून स्पष्ट होतो. मूळ प्रतिमा व आकडेवारी लेखासोबत उपलब्ध करून देण्याचा आग्रह आज अनेक नियतकालिके धरतात, तो याच कारणासाठी. परीक्षणाने लेखाला प्रवेश मिळतो. त्याची सत्यता मात्र इतरांनी केलेल्या पुनःप्रयोगांवरच ठरते.