नेल काय पाहत होती? : ‘सुला’ आणि तिचे वाचक

आमच्या वाचनगटात आम्ही आठजणी आहोत. टोनी मॉरिसन यांची ‘सुला’ वाचून झाल्यावर पहिल्याच बैठकीत वाद पेटला. एकीने पुस्तक टीपॉयवर पालथे ठेवले आणि विचारले, “मैत्रिणीच्या नवऱ्याला जवळ करणारी बाई, आणि हिला मैत्रीण म्हणायचे?” दुसरीचे म्हणणे, नवरा तरी कुठे एवढा मोलाचा होता, दोघींनाही टाकून निघून गेलाच की. तिसरीला सुलापेक्षा नेलचाच राग आलेला. चहा निवला तरी कोणी हटेना. एकजण मात्र शेवटपर्यंत काहीच बोलली नाही.

घरी येऊन मी या कादंबरीबद्दल कोणी कधी काय म्हटले आहे ते शोधू लागले. वाटले होते, चार समीक्षा सापडतील. सापडले ते पन्नास वर्षांचे भांडण.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगते. ओहायो राज्यातल्या मेडेलियन या कल्पित गावाच्या टेकडीवर कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. नाव ‘बॉटम’, म्हणजे तळ. टेकडीवर असून तळ! एका गोऱ्या मालकाने आपल्या गुलामाला सुपीक खोऱ्याऐवजी टेकडीवरची नापीक जमीन गळ्यात मारली आणि वरून सांगितले की ही स्वर्गाची तळजमीन आहे, अशी त्या नावामागची कथा. या वस्तीत नेल राइट आणि सुला पीस या दोन मुली वाढतात. नेलचे घर टापटिपीचे, आईच्या धाकातले. सुलाच्या घरात आजी इव्हा एका पायावर राज्य करते आणि माणसांची ये-जा अखंड चालू असते. बारा वर्षांच्या असताना नदीकाठी खेळताना सुला एका लहान मुलाला हात धरून गरगर फिरवते, हात सुटतो, मुलगा पाण्यात जातो तो परत वर येत नाही. दोघी ही गोष्ट कोणालाच सांगत नाहीत. 1927 मध्ये नेलचे लग्न होते आणि त्याच दिवशी सुला गाव सोडते. दहा वर्षांनी परत येते. नेलचा नवरा ज्यूड तिच्याशी संबंध ठेवतो, ते नेलला दिसते, तो घर सोडून जातो. 1940 मध्ये, तिशीतच, सुला मरते. शेवटचे प्रकरण 1965 चे. नेल आता पंचावन्न वर्षांची आहे आणि इतकी वर्षे आपल्याला नवऱ्याची नव्हे, सुलाची उणीव जाळत होती, हे तिला स्मशानातून परतताना उमगते.

या कादंबरीला आयुष्यभराच्या मैत्रीची कादंबरी म्हणतात. हिशेब करून पाहिला तर दोघी एकत्र असण्याचा काळ फारच थोडा भरतो. बालपणीची पाच-सहा वर्षे, सुला परत आल्यावरचे काही दिवस आणि मरणाच्या आधीची एक भेट. बाकी सगळी मैत्री गैरहजेरीतली. माझ्या मते वाचकांची फाटाफूट इथूनच सुरू होते. मैत्रीची कादंबरी म्हटल्यावर वाचकाला सहवास हवा असतो. मॉरिसन देतात ती पोकळी.

‘सुला’ 1973 मध्ये प्रसिद्ध झाली. मॉरिसन तेव्हा रॅण्डम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या, दोन मुलांना एकट्याने वाढवत होत्या, आणि ‘द ब्लूएस्ट आय’ (1970) ही एकच कादंबरी त्यांच्या नावावर होती. पुढे एका प्रस्तावनेत त्यांनी त्या दिवसांबद्दल लिहिले आहे. त्या क्वीन्समध्ये राहत. आजूबाजूच्या तशाच एकट्या बायका एकमेकींची मुले सांभाळत, पैसा, जेवण, धीर सगळे आपसांत फिरवत. पैसा कोणाकडेच नव्हता, पण एक प्रकारचे धाडस होते. सुलाचा जन्म त्या शेजारात झाला असे मानायला हरकत नाही. समाजाचा कायदा न मानणाऱ्या बाईचे आकर्षण मॉरिसन यांना त्याही आधीपासून होते. हॅना पीस नावाच्या एका बाईचे नाव लहानपणी घरातल्या मोठ्या बायका ज्या सुरात उच्चारत, तो सूर त्यांच्या लक्षात राहिला होता. हेच नाव त्यांनी सुलाच्या आईला दिले.

पहिली मोठी ठिणगी पडली ती 30 डिसेंबर 1973 च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक पुरवणीत. सारा ब्लॅकबर्न यांनी लेखिकेच्या भाषेची आणि पात्रांची मोकळेपणी स्तुती केली आणि मग सल्ला दिला. त्याचा आशय असा, की एवढ्या ताकदीच्या लेखिकेने अमेरिकेतल्या आडगावच्या काळ्या जीवनाची नोंद करण्यात अडकून राहू नये. मोठा वाचकवर्ग हवा असेल तर तिने अधिक व्यापक, आजच्या वास्तवाला भिडावे. म्हणजे दोन काळ्या मुलींची मैत्री हा विषय लहान, आणि ‘व्यापक’ म्हणजे काय ते न सांगताच कळावे. या परीक्षणावर निषेधाची पत्रे गेली, त्यांत अॅलिस वॉकर यांचेही होते. आपल्याकडे ‘ग्रामीण’, ‘दलित’, ‘प्रादेशिक’ अशी पाटी लावून लेखकाला अंगणात बसवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा सल्ला ओळखीचा वाटेल. कौतुक करायचे आणि शेवटी ‘आता मुख्य प्रवाहात या’ म्हणायचे.

(अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी मराठीची ओळख तशी जुनी. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ त्यांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली ती 1873 मध्ये, ‘सुला’च्या बरोबर शंभर वर्षे आधी. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचे नावही तिकडूनच आले. पण या ओळखीत तिकडच्या दोन बायका स्वयंपाकघरात बसून काय बोलत असतील, हे आपण क्वचितच विचारले.)

दुसरे भांडण अधिक खोल होते आणि ते घरातलेच होते. 1977 मध्ये बार्बरा स्मिथ यांनी कृष्णवर्णीय स्त्रीवादी समीक्षा कशी असावी यावर एक निबंध लिहिला. अशी समीक्षा तोवर जवळपास अस्तित्वातच नव्हती. त्यात त्यांनी ‘सुला’ ही समलिंगी स्त्रियांची कादंबरी म्हणून वाचून दाखवली. दोघींत शरीरसंबंध आहे असा त्यांचा दावा नव्हता. दोघींमधली ओढ आणि विवाह, कुटुंब, स्त्री-पुरुष संबंध यांच्याकडे कादंबरी ज्या तिखट नजरेने पाहते ती नजर, या दोन्हींवर त्यांनी बोट ठेवले होते. कृष्णवर्णीय समीक्षकांतही हे सर्वांना पटले नाही. डेबोरा मॅकडॉवेल यांनी 1980 मध्ये आक्षेप घेतला की ही व्याख्या फार सैल आहे, तीत कादंबरीतले बरेच काही निसटते. मॉरिसन यांनी स्वतः क्लॉडिया टेट यांच्याशी बोलताना हे वाचन नाकारले. स्त्रियांची मैत्री ही वेगळीच गोष्ट आहे आणि कादंबरीचा मुख्य विषय म्हणून ती कोणी हाताळली नव्हती, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

मला या वादात दोघींचीही बाजू घ्यावीशी वाटते. लेखिकेने नाही म्हटले म्हणून वाचन खोटे ठरत नाही. आणि स्मिथ यांनी प्रश्न नेमका विचारला होता: नवऱ्यापेक्षा जी जवळची, जिच्या जाण्याने बाईचे आयुष्य उणे होते, त्या नात्याला तुम्ही काय म्हणता? नवरा गेला तर शोक कसा करायचा याची रीत समाजाकडे तयार असते. मैत्रीण गेली तर सुतक नाही, तेरावे नाही, कोणी भेटायलाही येत नाही. नेलने पंचवीस वर्षे चुकीच्या माणसाचा शोक केला, कारण तेवढाच करण्याची सोय होती.

त्यानंतर ‘सुला’ विद्यापीठांत गेली, मॉरिसन यांना 1993 चे नोबेल मिळाले, 2002 मध्ये ओप्रा विन्फ्री यांनी आपल्या वाचनमंडळासाठी ती निवडली आणि ती घराघरांत पोचली. तिथली चर्चा आमच्या टीपॉयभोवतीच्या चर्चेपेक्षा फार वेगळी झाली असेल असे वाटत नाही.

या पन्नास वर्षांत एक नाराज वाचक मात्र अनपेक्षित निघाला: स्वतः मॉरिसन. 1988 मध्ये मिशिगन विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आपल्याच कादंबऱ्यांच्या पहिल्या वाक्यांची चिकित्सा केली आणि ‘सुला’च्या सुरुवातीबद्दल खंत सांगितली. मूळ मसुद्यात कादंबरी थेट शॅड्रॅकपासून सुरू होत होती. पहिल्या महायुद्धातून मन मोडून आलेला हा माणूस दर 3 जानेवारीला ‘राष्ट्रीय आत्महत्या दिन’ पाळतो. मग बाहेरच्या वाचकाला एकदम अंगावर आल्यासारखे वाटू नये म्हणून त्यांनी वस्तीची, तिच्या नावाची, आता तिथे होऊ घातलेल्या गोल्फच्या मैदानाची ती काही पाने आधी जोडली. घराला देवडी बांधावी तशी. अशी देवडी आपण इतर कादंबऱ्यांना बांधली नाही, असेही त्या म्हणाल्या. बाहेरच्यांसाठी लिहायचे नाही असे ठरवलेल्या लेखिकेनेही दारात पायपुसणे टाकले होते, आणि ते तिला पंधरा वर्षे खुपत राहिले.

पण कादंबरीचे पहिले वाचक कादंबरीतच आहेत असे मला वाटते. सुला गावात परतते तेव्हा बॉटमची माणसे तिला ‘वाचतात’ आणि एकमुखाने ठरवतात की ही बाई वाईट. मग चमत्कार होतो. मुलाकडे दुर्लक्ष करणारी आई त्याला जपू लागते, बायका नवऱ्यांची काळजी घेतात, सुना सासवांचे करतात. सुला मरते आणि हा सगळा चांगुलपणा महिन्याभरात विरून जातो. मरणाआधी आलेल्या नेलला सुला विचारते, चांगली तूच होतीस हे तुला कोणी सांगितले, कदाचित मी असेन. आमच्या गटात पुस्तक पालथे ठेवणाऱ्या मैत्रिणीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे मीही त्या टेकडीवरची का?” हसली, पण पुस्तक उचलून पुन्हा चाळू लागली.

शेवटी इव्हा. 1965 मध्ये नेल तिला वृद्धाश्रमात भेटायला जाते. म्हातारीचे भान सुटल्यासारखे दिसते, पण ती एकाएकी विचारते की त्या मुलाला तू कसे मारलेस. नेल म्हणते, ते सुलाने केले. इव्हाला फरक पडत नाही. तू होतीस, तू बघितलेस. नेल बाहेर पडते आणि दोन क्रियापदांमध्ये अडकते. इंग्रजीत हा खेळ अवघड आहे, मराठीत तो रोजच्या बोलण्यात आहे: दिसणे आणि पाहत राहणे. अपघात दिसतो. तो पाहत राहण्यात मात्र आपला वाटा असतो. हात सुलाचा सुटला, पण मूल बुडाले तेव्हा नेल शांत होती, आणि त्या शांतपणात थोडे सुख होते. चाळीस वर्षे ती आपल्या शांतपणाला समजूतदारपणा म्हणत आली. ‘दोष कोणाचा’ या प्रश्नावर भांडलेल्या वाचकांपैकी फार थोडे या ओळींपाशी थांबतात. पहिल्या वाचनात मीही थांबले नव्हते. ज्यूडच्या प्रसंगापाशीच घुटमळत राहिले होते.

त्या बैठकीत न बोललेल्या मैत्रिणीने महिन्याने माझी प्रत परत केली. सबंध पुस्तकात पेन्सिलीची एकच रेघ होती. ज्यूडच्या प्रसंगाजवळ नाही, नदीकाठीही नाही. सुला दहा वर्षांनी परतते, दोघी स्वयंपाकघरात बसून पोट दुखेपर्यंत हसतात आणि मोतीबिंदू काढल्यावर डोळा परत मिळावा तसे नेलला वाटते, तिथे. मी तिला काही विचारले नाही. जाताना दारात ती म्हणाली, “माझी एक होती नागपूरला. सत्याऐंशीनंतर बोललो नाही.” आणि चपला घालू लागली.