ओवीपासून अभंगापर्यंत : मराठी ख्रिस्ती उपासनेचे गाणे

ख्रिस्ती उपासनेतील संगीत म्हटले की आमच्या मनात ऑर्गनचे गंभीर सूर आणि उभे राहून गाणारा समुदाय येतो. मराठी ख्रिस्ती मंडळीचा इतिहास मात्र या चित्रात पूर्णपणे बसत नाही. त्यात टाळ आहेत, ओवी आहे, कीर्तनही आहे.

याचा प्रारंभ गोव्यात झाला. 1579 साली तेथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि 1616 साली ते रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती; त्यांच्या जागी दुसरे काय, हा प्रश्न त्या ग्रंथातच एका ब्राह्मणाच्या तोंडी येतो. धर्म बदलला तरी ऐकण्याची आणि गाण्याची भूक संपत नाही, हे स्टीफन्सने ओळखले. पुढे 1684 साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवरच निर्बंध आणले. तरीही क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती होत राहिल्या. 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर परिसरात कार्य केले, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. इंग्रजी गीतांची भाषांतरे झाली, परंतु इंग्रजी चालीचा ठेका शब्दातील आघातावर चालतो, तर मराठी पद्य मात्रा आणि अक्षरे यांवर. त्यामुळे भलत्याच अक्षरावर जोर पडे आणि अर्थ मागे राही. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर गीते रचली आणि ख्रिस्तकथेचे कीर्तन उभे केले.

हा धागा नारायण वामन टिळक यांनी परिपूर्णतेस नेला. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांची धारणा अशी की, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या सेतूवरून. त्यांच्या भजनांत ख्रिस्त परका राजा नसून सद्गुरू आणि माउली आहे. 1919 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

यावर दोन बाजूंनी आक्षेप घेता येतो. एक म्हणेल, जुन्या चालींबरोबर जुना धर्मही देवळात शिरेल. दुसरा म्हणेल, आमचे अभंग घेऊन आमचीच माणसे नेली. आम्हांस दोन्ही आक्षेप अपुरे वाटतात, कारण गाणारा माणूसच त्यांत विसरला जातो. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य नवख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले होते. वाजविणे हा मांगांच्या गावकामाचाच भाग होता. परंतु ज्या देवळासमोर ते वाजवीत, त्याच्या आत त्यांना प्रवेश नसे. चोखोबांचा अभंगही पायरीबाहेरचाच. चर्चमध्ये तेच हात आत बसून टाळ वाजवू लागले. जातिभेद चर्चमध्येही पुरता संपला नाही, हे मान्य करूनच आम्ही म्हणतो, की हा उंबरठा ओलांडणे लहान गोष्ट नव्हती.

आजही मराठी चर्चमध्ये टिळकांची गीते भाषांतरित गीतांबरोबर गायिली जातात. इतिहासकार धर्मांतराची गणना आकड्यांत करतो. परंतु माणूस देवाला कोणत्या चालीवर हाक मारतो, हे त्या आकड्यांत सापडत नाही. त्यासाठी उपासनेचे गाणेच ऐकावे लागते.